खळ वाळायचे दिवस

पौष लागला की मुरबाडच्या नाक्यावरून घोंगडीवाल्यांचे टेम्पो म्हशाच्या जत्रेकडे जायला लागतात. त्यांच्यामागून शिंगं रंगवलेले बैल चालत जातात, घुंगरांचा आवाज मागे ठेवत. मी शाळेत जाताना एसटीच्या खिडकीतून ते सगळं बघते आणि घरी आल्यावर पलंगाखालचे गुंडाळे बाहेर काढते.

आमच्याकडचा पावसाळा म्हणजे कागदाचा वैरी. भिंती ओल धरतात, वह्यांची पानं एकमेकांना चिकटतात, कपाटातल्या पुस्तकांना मिशा फुटाव्यात तशी पांढरी बुरशी येते. त्यामुळे जुन्या कागदाला हात लावायचा तर तो पौष-माघातच. सकाळी शेतांवर धुकं असतं, पण दहाच्या पुढे हवा कशी खडखडीत होते. भात निघून गेलेल्या जमिनीत वाल फुलावर आलेला असतो. अशा हवेत खळ लावलेला कागद सावलीत ठेवला की संध्याकाळपर्यंत टणक वाळतो, सुरकुती पडत नाही. हे मला रघुनाथनं शिकवलं आणि त्याला ते मी शिकवलं असं तो म्हणायचा. खरं म्हणजे आम्ही दोघांनी मिळून बरीच पोस्टरं बिघडवली, तेव्हा कुठे ते कळलं.

पोस्टरं कार्टून सिनेमांची. फार जुनी, आमच्या जन्माच्या आसपासची. छत्री घेऊन तळ्याकाठी उभा असलेला बेडूक. चंद्राला शिडी लावणारा ससा. टपालाची पिशवी गळ्यात अडकवलेला बगळा. चहाच्या किटलीत बसून समुद्रात निघालेला उंदीर. त्यांचे सिनेमे आता कुणाला आठवत नाहीत. एकदोन तर मीही पाहिलेले नाहीत. माझ्याकडे फक्त त्यांची दारावरची चित्रं उरली आहेत.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत माझी बदली म्हशाजवळच्या एका शाळेत झाली. मी मूळची शहापूरची. वडील गेल्यावर आईला घेऊन मुरबाडला खोली केली. वर्गात पाड्यावरची मुलं असायची. हुशार, पण लाजरी. जत्रेचे दिवस आले की पटावरची निम्मी मुलं दिसेनाशी व्हायची. त्या वर्षी मी त्यांना शोधत जत्रेत गेले आणि सगळी मला एकाच ठिकाणी सापडली, सिनेमाच्या तंबूच्या मागच्या बाजूला. तिथे बांबूला एक फाटकं पोस्टर टांगलेलं होतं. तोच छत्रीवाला बेडूक. मुलं जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत होती आणि एक मुलगी बाकीच्यांना त्याची गोष्ट सांगत होती, जी मुलगी वर्गात वर्षभर एक शब्द बोलली नव्हती.

तंबूतून एक माणूस बाहेर आला. उंच, अंगात खाकी स्वेटर, हाताची बोटं काळी.

"बाई, यांना हाकलू नका," तो म्हणाला. "दुपारी आमी चितरांचा सिनेमा लावतो. त्याचीच वाट बघतायत."

"मी हाकलायला नाही आले," मी म्हटलं. "हे पोस्टर मला शाळेसाठी द्याल का?"

"हे? फाटलंय पार. बेडकाला एक पाय नाय."

"पाय आपण लावू."

तो हसला. मग म्हणाला, "आपण म्हंजे कोन कोन?"

तो रघुनाथ. त्या तंबूचा ऑपरेटर. मूळचा खर्डीच्या बाजूचा, पण दसरा उलटला की घर सोडायचा आणि या जत्रेतून त्या जत्रेत करत थेट वैशाखापर्यंत फिरायचा. म्हसा त्याच्या वाटेवर पौषी पुनवेला यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टर घेऊन शाळेच्या ओसरीवर हजर झाला. जत्रेची सुट्टी होती. आम्ही जुन्या फळ्याला दोन बाकांवर आडवं घातलं, त्यावर पोस्टर पालथं पसरलं आणि ओल्या फडक्यांनी झाकलं. पाठीवर वर्षानुवर्षांची खळ, चुना, कुठल्या कुठल्या भिंतींचे पापुद्रे. ते भिजून मऊ झाले की नारळाच्या करवंटीच्या गुळगुळीत तुकड्यानं हळूहळू काढायचे. घाई केली की कागद सुटून येतो. मग आईच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा, त्याला मैद्याची खळ, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. लुगडं पाठीला चिकटवायचं आणि मग पोस्टर उलटून फाटलेल्या कडा एकमेकींशी जुळवायच्या. गेलेल्या जागी जुन्या कॅलेंडरचा कागद बसवायचा आणि त्यावर रंग.

बेडकाचा पाय रघुनाथनं काढला. त्याचा हात इतका हलका होता की मी बघतच राहिले. "रिळाला जोड द्यायचा असतो ना," तो म्हणाला, "तुटलेली फिल्लम. तिथं हात जड पडला तर पडद्यावर मान्सांची डोकी उडतात."

त्या पोस्टरानं माझा वर्ग भरला, हे मात्र खरं. त्यावरून मुलं बोलायला लागली, मग लिहायला लागली.

पुढच्या पौषात तो आला तो एक पत्र्याची नळी खांद्यावर टाकून. आत चार पोस्टरं. वर्षभर गावोगाव फिरताना त्यानं ती माझ्यासाठी गोळा केली होती. एक कुठल्याशा बंद पडलेल्या थेटराच्या तिकीटखिडकीच्या आतून सोलून काढलेलं. एक हॉटेलच्या छताला धूर अडवायला लावलेलं. उंदराचं पोस्टर कुणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी अंथरलेलं सापडलं होतं. "त्या म्हातारीला नवीन ट्रंकपेपर आनून दिला," तो म्हणाला, "तर मला म्हनते, उंदीर घेऊन जातोस, मांजर देऊन जा."

असे काही पौष गेले. वर्षाचे बाकीचे महिने कसे जायचे ते मला आठवत नाही. परीक्षा, पाऊस, भातलावणी, गणपती, सहामाही. मात्र त्या सकाळी एकेक आठवतात. लांब बैलबाजारातला कालवा, पाळण्यांचा करकराट, तमाशाच्या कनातीतून ढोलकी लावून बघतंय कुणीतरी, आणि आमच्या ओसरीवर फक्त फडकं पिळल्याचा आवाज. आम्ही फार बोलायचो नाही. बोटांच्या मध्ये ओला कागद असला की माणूस आपोआप हळू श्वास घेतो. कधी कडा जुळवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची. ती तशीच राहू द्यावी लागायची, हात हलवला असता तर जोड सरकला असता.

एका वर्षी जत्रा मोडायच्या दिवशी तो म्हणाला, "पुढल्या जत्रेला तुमच्या आईंना भेटायला येतो. संगं भावजींना घेऊन येतो."

भावजींना घेऊन कशासाठी येतात ते मला कळत होतं. मी म्हटलं, "या."

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "तंबूवाला?" ती म्हणाली. "आज इथं, उद्या तिथं. पाखराशी संसार करशील का गो?" मग तिनं उरलेले तांदूळ निवडून संपवले. सूप बाजूला ठेवताना म्हणाली, "येऊ दे. बघते तरी."

पुढल्या पौषात आईनं तांदळाचे पापड डब्यातून काढून उन्हाला घातले, नवीन कपबशा आणल्या. तंबू आला. रघुनाथ आला, पण एकटाच. आम्ही नेहमीसारखे कामाला बसलो. त्या वर्षी त्यानं बेडकाचं दुसरं एक पोस्टर आणलं होतं, पहिल्याहून मोठं. त्याच्या पोटावरचा रंग उडाला होता. रघुनाथ तो भरायला बसला. कागद नाकाजवळ नेऊन बघत होता, तिरका करून बघत होता. मी खळ ढवळून आले आणि पाहिलं तर बेडकाचं पोट तपकिरी झालेलं.

"रघुनाथ, हिरवा हवा होता ना?"

तो थबकला. बशीतल्या दोन्ही रंगांकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. मग हसून म्हणाला, "पाऊस संपला ना बाई. सुकला असंल बिचारा."

मीही हसले. मला वाटलं, रात्ररात्र मशीनपाशी जागरणं होतात, दमलाय. त्या वेळी त्यानं काम अर्धवट सोडलं आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून. तो आईला भेटायला आला नाही. तंबू उतरवताना मी गेले तेव्हा म्हणाला, "पुढच्या टायमाला नक्की." कपबशा आईनं पुन्हा कागदात गुंडाळून ठेवल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी तंबूच आला नाही. तोवर गावागावात टीव्ही झाले होते, मुरबाडात सीडीची दुकानं निघाली होती. तंबूच्या जागी प्लास्टिकच्या खेळण्यांची रांग लागली होती. मी सगळी जत्रा फिरले. शेवटी पाळणेवाल्यानं ओळखलं.

"रघू ऑपरेटर ना? त्याची नजर गेली, बाई. मालकानं तंबू इकून टाकला. रघू बहिणीकडं असतो, खर्डीला."

मी तशीच घरी न जाता शहापूरची एसटी धरली. तिथून जीपनं खर्डी. बहिणीच्या घरी पिठाची गिरणी आहे एवढं मला त्याच्या बोलण्यातून माहीत होतं, आणि गिरणी तर आवाजानं सापडते. बाहेरच्या फळीवर तो बसला होता. केस पांढरे दिसले. जवळ गेले तर ते पीठ होतं.

"रघुनाथ," मी म्हटलं.

तो उठून उभा राहिला, पण माझ्या डाव्या बाजूला बघत. "बाई? जत्रा संपली?"

त्याची बहीण मंदा आतून आली. तिनं मला एकदा नीट बघितलं, काही न विचारता चहा ठेवला आणि गिरणीचा पट्टा थांबवून बाकीची माणसं घेऊन आत गेली. अंगणात आम्ही दोघंच राहिलो.

"डोळ्याची नस सुकली," तो म्हणाला. "मशीनच्या दिव्यानं झालं की नशिबानं, डॉक्टर काय सांगत नाय. पयले रंग गेले. मंग कडेकडेनं सगळं. तुमी बेडकाचं बोललात तवा मला समजलं होतं."

"आणि म्हणून आईला भेटायला आला नाहीत."

"हा."

"आता या. नाहीतर आईला मी इथं घेऊन येते."

त्यानं हातानं फळीची कड चाचपली. "बाई, मी रोज कुनाचा तरी हात धरून मोरीपरेंत जातो. तो हात तुमचा नको."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काय नाय झालं," तो म्हणाला. "म्हनून तर."

मी भांडले. रडले. तुम्ही कोण ठरवणारे, असं ओरडून म्हटलं. तो ऐकत राहिला आणि नाही म्हणत राहिला, शांतपणे, जसा ओल्या कागदावर हात ठेवायचा तसा. दिवस कलायला लागला तेव्हा मंदानं मला स्टँडवर सोडलं. घरी आले, आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, सुटलीस. आई खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "मग परत कशाला आलीस गो? राहायचं होतंस तिथंच."

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचं ते वाक्य अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं. पण मी काय करणार होते? तो नाही म्हणत होता. नाही म्हणणाऱ्या माणसाच्या दारात किती वेळ उभं राहायचं, याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. मी एवढंच केलं की जात राहिले. त्याला नवरा होणं मंजूर नव्हतं, मी येणं त्यानं नाकारलं नाही.

पोस्टरं आता मीच शोधायची. शहापुरात रद्दीच्या दुकानात, कल्याणला जुन्या बाजारात. पौषात डागडुजी करायची आणि नळीत घालून खर्डीला न्यायची. गिरणीच्या मागच्या पडवीत आम्ही पोस्टर पसरायचो. तो पाठीवरून बोटं फिरवायचा. "इथं जोड आलाय. इथं खळ जादा पडलीय, बाई." मग विचारायचा, "सांगा आता."

आणि मी सांगायची. एक हत्ती आहे, तो सायकल चालवतोय. सायकलीच्या पुढच्या टोपलीत चिमणी बसलीय. आकाश संध्याकाळचं आहे.

"संध्याकाळ कसली? तांबडी का पिवळी?"

"वर निळी, खाली पिवळी. मध्ये पेरूच्या आतल्या रंगासारखी."

"हा," तो म्हणायचा. "आता दिसली."

गिरणीवर दळणाला आलेल्या बायका दारातून डोकवायच्या. मंदाला विचारायच्या, ही कोण? "म्हशाच्या साळंतल्या बाई," मंदा सांगायची. आणखी काय सांगणार? आत्या, मावशी, वहिनी, विहीण, आपल्याकडे एवढी नाती आहेत. पडवीत बसून आंधळ्या माणसाला बेडकाचा रंग सांगणाऱ्या बाईला मात्र शब्द नाही.

शेवटच्या वेळी गेले त्या दिवशी मंदानं वालाच्या शेंगा उकडल्या होत्या. रघुनाथ सोलून दाणे माझ्या पुढ्यात ठेवत होता. पोस्टर सांगून झालं होतं. मध्येच त्यानं विचारलं, "बाई, तुमी आता कशा दिसता?"

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी त्याला कुठलंच चित्र खोटं सांगितलं नव्हतं, तेव्हा हेही खरंच सांगितलं. "केस पिकलेत. कानाजवळ जास्त. चष्मा लागलाय. उजव्या गालावर एक काळा डाग आलाय, पूर्वी नव्हता. जाड झालेय थोडी."

त्यानं एक दाणा माझ्या पुढ्यात ठेवला. मग हसला. "म्हंजे इतकी वर्सं मी भलत्याच बाईंशी बोलत होतो. हिरव्या काठाचं लुगडं नेसून ओसरीवर बसल्यात त्यांच्याशी." शेंग सोलता सोलता म्हणाला, "आता या नव्या बाईंची वळख करून घ्यायला पायजे."

ती करून घ्यायला त्याला वेळ मिळाला नाही. पुढच्या मार्गशीर्षात त्याच्या छातीत कफ धरला. पिठाची धूळ आणि थंडी. मंदानं शहापूरच्या दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत बरं वाटतंय म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. मला मंदाचा फोन आला तो वर्गावर असताना. मी पोचले तेव्हा नदीवरून माणसं परतली होती आणि अंगणात पायांवर पाणी घेत होती.

मी फळीवर बसले, त्याच्या नाही, शेजारच्या. गिरणी बंद होती. त्या गावात मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. शेजारच्या बायकांनी पिठलं-भात आणला होता. मंदानं घरच्यांना वाढलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुमी इथं जेवू नका. आमाला सुतक हाय. तुमाला नाय लागत ते."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. परक्या माणसाला विटाळ नको, शाळेत जायचं असतं, देवाचं करायचं असतं, अशा काळजीनंच ती बोलली. तिनं शेजारच्या घरी माझ्यासाठी वेगळं ताटसुद्धा सांगून ठेवलं होतं. मी मान हलवली. नवरा नाही, भाऊ नाही, दीर नाही, कुणी नाही. मेला तो माझा कुणी नव्हता, तर मला त्याचं सुतक तरी कुठून लागणार?

ते मी त्या दिवशी मागूनसुद्धा घेऊ शकले नाही. शेजारच्या घरी जाऊन दोन घास खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीनं मुरबाडला आले.

घरी आल्यावर देव झाकून ठेवले. दिवा लावला नाही. केसांना तेल नाही, कपाळाला टिकली नाही. गादी गुंडाळून ठेवली आणि सतरंजीवर निजले. शाळेत रजा कळवली. भाताला फोडणी दिली नाही की कुणाच्या दारात गेले नाही. पूर्ण दिवस पाळले, जसे मंदाच्या घरात पाळत होते तसे. शेवटच्या दिवशी न्हायले, घर धुतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

ओसरीवर मुख्याध्यापक उभे होते. साधा माणूस, चौकशी करणारा.

"काय बाई, इतके दिवस? आजारी होता का?"

"नाही सर. घरातलं माणूस गेलं."

"अरे रे," ते म्हणाले. "कोण?"

तेवढ्यात घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.